लिंक केबल ते वर्ल्ड चॅम्पियनशिप: पोकेमॉनच्या लढतींचे नियम कोणी केले?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. विषय वरवर पोराटोरांचा वाटेल, पण शेवटी गाडी दिल्लीत झालेल्या एका कायद्यापाशी जाऊन थांबणार आहे. तेव्हा चहा घ्या आणि निवांत वाचा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळी, मान्यतेची जागा मिळाली. चर्चा झाली ती रमीच्या ॲपची, क्रिकेटच्या टीम लावायच्या ॲपची आणि त्यांच्या जाहिराती करणाऱ्या हिरोंची. दुसऱ्या अर्ध्या भागाकडे फार कोणी बघितलंच नाही. स्क्रीनवरच्या खेळाला 'खेळ' म्हणायचं ते कशाच्या जोरावर? त्याचे नियम करणार कोण? त्यात डोकं किती, नशीब किती, हे ठरवायचं कसं?

हे प्रश्न एका खेळाच्या पोरांनी तीसेक वर्षांपूर्वीच अंगावर घेतले होते, आणि बरीचशी उत्तरं स्वतःच शोधली होती. तो खेळ म्हणजे पोकेमॉन. कार्टून नव्हे आणि फोन घेऊन रस्त्यावर फिरायचं ते 'गो'ही नव्हे. मूळचा गेम बॉयवरचा खेळ आणि त्यातल्या राक्षसांच्या लढतींच्या स्पर्धा. त्या काळाची ही गोष्ट.

सुरुवात जपानमध्ये. २७ फेब्रुवारी १९९६ ला 'रेड' आणि 'ग्रीन' असे दोन गेम बाजारात आले. सातोशी ताजिरी हा त्यामागचा माणूस. लहानपणी टोकियोच्या बाहेर माचिदात किडे पकडत हिंडणारा पोरगा. मोठेपणी त्यानं गेम फ्रीक ही कंपनी काढली आणि जवळजवळ सहा वर्षं या एका कल्पनेवर घालवली. गेम बॉय १९८९ चा, म्हणजे तोवर सात वर्षं जुना. लोक त्याला म्हातारा समजायला लागले होते. पण त्याच्या अंगाला एक भोक होतं. त्यात केबल लावली की दोन यंत्रं जोडली जायची. तोवर ती केबल टेट्रिससारख्या खेळात समोरच्याशी शर्यत लावायला वापरत. ताजिरीला त्या केबलमधून किडा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात सरकताना दिसला, असं त्यानं स्वतः सांगितलंय.

त्या एका केबलनं पुढचा सगळा इतिहास घडवला. एकट्यानं गेम पुरा करता येतो, पण लढायचं असेल तर समोर माणूस हवा. आणि केबल काही मोठी नाही. म्हणजे गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, समोरच्याचं तोंड बघायचं आणि खेळायचं.

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या गेममध्ये १५१ प्राणी आणि १५ प्रकार होते. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी. म्हणजे दगड-कागद-कात्रीच, फक्त पंधरा हातांची. प्रत्येक प्राण्याकडे चारच डाव. तुम्ही सहा जणांचा संघ बांधता. दर वेळी दोन्ही खेळाडू आपापला डाव गुपचूप निवडतात आणि मग दोन्ही एकदम उघडतात. बुद्धिबळात समोरच्यानं चाल केली की मग तुम्ही विचार करता. इथे त्यानं काय निवडलं असेल हे आधीच ओळखावं लागतं. माझ्याकडे पाणी आहे हे बघून तो आगवाला मागे घेईल का? आणि घेणार असेल, तर मी मार आत्ताच्यासाठी निवडू की नंतर येणाऱ्यासाठी? सगळी गंमत या एका प्रश्नात आहे. पत्ते खेळणाऱ्या माणसाला ती लगेच कळेल.

पहिली मोठी अधिकृत स्पर्धा १९९७ ची, 'निन्टेन्डो कप ९७'. तिचे नियम आजही अभ्यासण्यासारखे आहेत. सहा प्राणी आणायचे, त्यातले तीन लढतीला उतरवायचे. प्रत्येकाची पातळी ५० ते ५५ च्या मधली. आणि तिघांच्या पातळ्यांची बेरीज १५५ च्या वर जाता कामा नये.

हा १५५ चा आकडा फार हुशारीचा आहे. तिघंही ५० चे घेतले तर पाच गुण हातात उरतात. ते पाचही एकालाच द्यायचे की वाटून टाकायचे? ड्रॅगोनाइट नावाचा राक्षस बरोबर ५५ व्या पातळीलाच तयार होतो. तो हवा असेल तर सगळी शिल्लक त्याच्यावर उधळायची आणि उरलेले दोघं ५० चेच ठेवायचे. म्हणजे लढत सुरू व्हायच्या आधीच बजेट मांडायला बसायचं. आणि ज्याच्याकडे शंभराव्या पातळीचे सहा राक्षस आहेत, म्हणजे ज्याच्याकडे नुसता वेळ जास्त होता, त्याचा फायदा या एका ओळीनं काढून घेतला.

वेळेची आणि नशिबाची ही विषमता सुरुवातीपासून होतीच. म्यू हा १५१ वा प्राणी शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरनं अगदी शेवटच्या क्षणी गुपचूप आत टाकलेला. 'कोरोकोरो' या मासिकानं तो वाचकांना द्यायचं जाहीर केलं. द्यायचे होते २०. अर्ज आले सुमारे ७८ हजार. एखादी गोष्ट अधिकृत वाटेनंच मिळते आणि तीही इतक्या थोड्यांना, तेव्हा काय होतं हे आपल्याला रेशनच्या रांगेपासून माहीत आहे. माणसं दुसरी वाट शोधतात. त्या वाटेबद्दल पुढे बोलूच.

आता खरी मजा. तो पहिला गेम आतून बऱ्यापैकी मोडका होता. शंभर टक्के लागणारा मार २५६ वेळांत एकदा चुकायचा, कारण आतली तुलना एका आकड्यानं कमी पडली होती. 'फोकस एनर्जी' या डावानं घाव वर्मी बसायची शक्यता वाढायला हवी, ती उलट कमी व्हायची. भुताचा मार मनोशक्तीवाल्यांना जबर लागेल असं गेममध्येच सांगितलेलं, प्रत्यक्षात तो त्यांना लागायचाच नाही. त्यामुळे अलाकझॅमसारखे मनोशक्तीवाले मोकाट सुटले. कोणी गोठला, तर समोरच्यानं आगीचा मार देईपर्यंत तो गोठलेलाच. आणि वर्मी घाव बसायची शक्यता वेगावर ठरायची. टॉरस हा वेगवान बैल, त्याचा पाचात एक घाव वर्मी. स्नोरलॅक्स हा झोपाळू ढोल्या, त्याचा सतरात एक.

अजून एक गोष्ट. 'ब्लिझर्ड' या बर्फाच्या डावानं समोरचा गोठायची शक्यता जपानी गेममध्ये ३० टक्के होती. बाहेरच्या देशांत विकलेल्या गेममध्ये ती १० टक्के केली. म्हणजे गेम तोच, नाव तेच, चित्र तेच, पण टोकियोतला पोरगा आणि न्यूयॉर्कमधला पोरगा चक्क वेगवेगळ्या कायद्याखाली खेळत होते. आणि दोघांना त्याचा पत्ताही नव्हता! डबीवर कुठे लिहिलेलं नव्हतं, पुस्तिकेत नव्हतं. नियम होते, पण ते यंत्राच्या पोटात कोंडलेले.

कंपनीनं आपल्या परीनं दुरुस्ती केली. निन्टेन्डो ६४ वर 'पोकेमॉन स्टेडियम' आला. गेम बॉयमधली लढतीची यंत्रणा त्यावर आणायची होती, पण ती कशी चालते याचे कागदच नव्हते. तेव्हा हॅल लॅबोरेटरी या कंपनीचे अध्यक्ष असलेले सातोरू इवाता स्वतः मूळ कोड वाचत बसले आणि आठवड्याभरात ती यंत्रणा त्यांनी तिकडे चालवून दाखवली. (हेच इवाता २००२ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले.) स्टेडियममध्ये १५५ चा नियम आला. समोरच्याच्या एकापेक्षा जास्त प्राण्यांना झोपवून ठेवायला मनाई आली, गोठवण्यालाही तीच मर्यादा आली. पुढे १९९९ च्या नोव्हेंबरात 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' आले. प्राणी २५१ झाले, पोलाद आणि अंधार असे दोन नवे प्रकार आले, आणि मनोशक्तीवाल्यांची दादागिरी अखेर मोडली.

इथवर गोष्ट सरळ आहे. कंपनीनं गेम काढला, चुका झाल्या, पुढच्या गेममध्ये सुधारल्या. पण एक मोठी फट राहिली होती. केबल तीच आणि तेवढीच. ज्या गावात तुमच्याशिवाय कोणीच खेळत नाही, तिथे तुम्ही कोणाशी लढणार? जपानमध्ये २००१ साली मोबाइल फोनला गेम बॉय जोडून लांबच्या माणसाशी लढायची सोय काढली, पण ती जपानपुरतीच होती आणि २००२ च्या अखेरीस बंदही पडली. बाकी जग केबलवरच.

मग ही फट खेळाडूंनीच भरली. आधी इंटरनेटच्या चॅटमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम आले. तुम्ही डावाचं नाव टाइप करायचं, प्रोग्राम हिशोब करून सांगणार की कोणाला किती लागलं. मग 'नेटबॅटल' आलं, २००७ च्या सुमारास 'शॉडी बॅटल', २०१० च्या सुमारास 'पोकेमॉन ऑनलाइन', आणि २०११ पासून ब्राउझरमध्येच चालणारं 'पोकेमॉन शोडाउन', जे आजही जोरात चालू आहे. सगळं चाहत्यांनी बनवलेलं, आणि फुकट.

आपल्याकडच्या वाचकांनी इथे जरा थांबावं. भारतात हे कार्टून २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर आलं आणि घराघरात पोचलं. चीटोसच्या पाकिटातले टाझो आठवत असतील. पण गेम बॉय? तो आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी वस्तू नव्हती. परदेशातून येणाऱ्या एखाद्या मामा-काकाच्या बॅगेतून आला तर आला. आणि एक आला तरी केबलच्या दुसऱ्या टोकाला लावायला दुसरा कुठून आणणार? आपल्या पोरांनी हे गेम खेळले ते बहुतेक कॉम्प्युटरवरच्या इम्युलेटरवर. अशा पोराला खऱ्या माणसाशी लढायची एकमेव वाट म्हणजे हे चाहत्यांचे सिम्युलेटर. तिथे डाव टाइप करायचा आणि निकाल वाचायचा. रडतखडत चालणारं नेटसुद्धा पुरायचं. महागडं यंत्र नको, विमानाचं तिकीट नको.

पण सिम्युलेटर नुसता बांधून भागत नाही. नियम कोणते? कंपनीचे १५५ वगैरे नियम तिच्या स्पर्धांपुरते. इथे ना पंच, ना आयोजक. तुम्ही गल्लीत क्रिकेट खेळला असाल तर हे सांगायला नको. एक टप्पा आउट, समोरच्या गच्चीत गेला तर आउट, पहिला ट्राय बॉल. हे काही लॉर्ड्सवरून आलेलं नसतं. गच्चीवाल्या काकू बॉल परत देत नाहीत म्हणून तो नियम येतो. पोकेमॉनचे नियम तसेच आले. एका वेळी समोरच्या एकालाच झोपवायचं, नाहीतर सहाच्या सहा झोपतात आणि लढत म्हणजे घोरण्याची मैफल होते. एका घावात ठार करणारे लॉटरी-डाव बंद. सारखी हुलकावणी वाढवत बसायचे डाव बंद. एकाच जातीचे दोन प्राणी बंद. प्रत्येक नियमामागे कोणीतरी वैतागलेलं होतं.

डिसेंबर २००४ मध्ये 'स्मोगॉन' ही साइट सुरू झाली आणि या गल्ली-नियमांना घटनेचं रूप यायला लागलं. त्यांची दोन कामं मला फार महत्त्वाची वाटतात.

पहिलं म्हणजे गट. कुस्तीत जसे वजनगट असतात तसे प्राण्यांचे गट. पण कोण कुठल्या गटात हे कोणा जाणकाराच्या मतावर सोडलं नाही. हजारो लढतींत कोण किती वेळा वापरला गेला हे मोजायचं. जास्त वापर झाला तर वरच्या गटात, कमी झाला तर खालच्या. त्यामुळे दुबळ्या प्राण्यांनाही त्यांच्या वजनाचं मैदान मिळालं, आणि ज्याला आपला आवडता दुबळा प्राणी घेऊनच खेळायचंय त्यालाही जागा मिळाली.

दुसरं म्हणजे बंदीची पद्धत. एखादा प्राणी फारच भारी आहे, खेळाचा विचका करतोय, अशी ओरड झाली तर काय करायचं? 'डायमंड-पर्ल'च्या काळात, २००८ च्या आसपास, त्यांनी याची रीत बसवली. संशयिताला खेळात ठेवून ठराविक दिवस खेळायचं. त्या काळात ज्यांनी प्रत्यक्ष खेळून एका पातळीपर्यंत गुणांकन मिळवलं त्यांनाच मत. मग वाद, लांबच लांब लेख, आकडेवारी आणि शेवटी मतदान. गारचोम्प नावाचा ड्रॅगन तेव्हा सगळ्यांचा लाडका होता. तोही असाच मतदानानं बाहेर गेला. लोक चिडले, भांडले, पण मतदान मानलं.

या पद्धतीत खोट नाही असं अजिबात नाही. ज्यांच्याकडे रोज तासन्‌तास खेळायला वेळ आहे त्यांच्याच हातात मत जातं. नवखा माणूस बाहेरच. आणि जे आधीपासून भारी आहेत ते आपल्याला सोयीचा निर्णय घेतील ही भीती कायम. हे आक्षेप तेव्हाही घेतले गेले, आजही घेतले जातात. पण निर्णय कसा झाला हे कोणालाही वाचता येत होतं, आणि तुम्ही मेहनत घेतली तर पुढच्या वेळी तुम्हालाही मत होतं. आपल्या किती क्रीडा संघटनांबद्दल असं म्हणता येईल, ते तुम्हीच सांगा.

आणि त्यांचा एक निर्णय तर मला फार आवडतो. १९९६ चा तो मोडका गेम त्यांनी सिम्युलेटरमध्ये मोडकाच ठेवला. २५६ मध्ये एकदा चुकणारा मार तसाच, टॉरसचे वर्मी घाव तसेच. दोन-चार कलमं वरून लावली, आत हात घातला नाही. त्यांचं म्हणणं, हा खेळ असाच आहे आणि यातच कोण सरस ते बघू. आज जवळपास तीस वर्षांनंतरही त्या पहिल्या गेमच्या स्पर्धा होतात, आणि लोकांना त्यात नवनव्या चाली सापडतात.

आता दुसरी बाजू. कंपनी झोपली नव्हती. २००९ मध्ये सॅन दिएगोला व्हिडिओ गेमची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली. चाहत्यांचा खेळ एकास एक, सहा प्राण्यांचा. कंपनीनं दोनास दोन निवडलं. म्हणजे सहातून चार आणायचे आणि मैदानावर एका वेळी दोन-दोन. लढती लवकर संपतात, बघायलाही मजा येते. पुढच्या तीन वर्षांत रे रिझो या अमेरिकन खेळाडूनं सलग तीनदा विजेतेपद मिळवलं, २०१०, २०११ आणि २०१२. हे लक्षात ठेवण्याचं कारण असं की २०१० मध्ये दोन महाबली प्राणी चालत होते, २०११ मध्ये फक्त नव्या गेममधलेच प्राणी चालत होते आणि २०१२ मध्ये तिसरीच यादी होती. तीन वर्षं, तीन कायदे, विजेता एकच. 'हे सगळं नशीब आहे' म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही.

दुसरं उत्तर २०१४ चं, वॉशिंग्टनचं. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कनं संघात पाचिरिसू घेतला. ही एक गोंडस पांढरी-निळी खार. तिच्या सगळ्या क्षमतांची बेरीज ४०५. गारचोम्पची ६००. लोक हसले. पण हिशोब बघा. पार्कच्या गॅराडॉसला भीती विजेची. खारीला वीज लागली तर इजा होत नाही, उलट ती सुधारते. आणि तिच्याकडे असा एक डाव होता की समोरचे दोघंही तिच्याकडेच ओढले जातात. म्हणजे गॅराडॉसवर सोडलेली वीज खार पिऊन टाकणार, आणि तेवढ्यात बाजूचा दांडगा आपलं काम उरकणार. फायनलमध्ये सगळं सभागृह त्या खारीसाठी ओरडत होतं. पार्क जिंकला. त्याच संघात गारचोम्पही होता, तोच, ज्याला चाहत्यांनी आपल्या एकास-एकच्या खेळातून हाकलून दिलं होतं. नियम बदलला की राक्षस साधा प्राणी होतो आणि खार सेनापती.

पण अधिकृत स्पर्धेत एक जुनं दुखणं होतं. सिम्युलेटरमध्ये संघ दोन मिनिटांत तयार होतो. खऱ्या गेममध्ये प्राणी पकडायचा, अंडी उबवायची, जन्मजात गुण ० ते ३१ मधले हवे तसे येईपर्यंत पुन्हा पुन्हा उबवायची, मग त्याला तालीम द्यायची. एका संघाला कित्येक दिवस. शाळकरी पोराला सुट्टीत जमेल, नोकरी करणाऱ्याला कसं जमणार? मग लोक प्रोग्राम वापरून हवा तसा प्राणी थेट बनवायला लागले. म्हणजे रेशनच्या रांगेतली दुसरी वाट, ती हीच. कंपनीच्या नियमांत ही फसवणूक. अनेक खेळाडूंच्या मते मात्र ही फक्त बिनकामाची हमाली टाळणं, कारण बनवलेला प्राणी उबवलेल्यापेक्षा तसूभरही ताकदवान नसतो. वाद वर्षानुवर्षं चालला. २०२३ मध्ये योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत तपासणी कडक झाली आणि अनेक खेळाडू अशाच कारणानं बाद झाले.

गंमत म्हणजे कंपनीला पोरांचं म्हणणं पटत होतं, फक्त तसं बोलत नव्हती. २०१३ च्या गेममध्ये आईबापांचे पाच गुण पिल्लात उतरवायची सोय आली. २०१६ मध्ये कमी पडलेले गुण नंतर भरून काढायची सोय आली. २०१९ मध्ये स्वभावाचा परिणामही बदलता यायला लागला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीनं 'पोकेमॉन चॅम्पियन्स' जाहीर केला, म्हणजे फक्त लढतींसाठीचा गेम, मोबाइलवरही चालणारा. चाहत्यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी फुकटात बांधलेली कल्पना शेवटी मालकाच्या दारात पोचली.

या काळातलं काय उरलं, हेही बघा. गेम बॉयच्या डबीत तुमचा खेळ जपला जायचा तो नाण्याएवढ्या एका बॅटरीवर. बॅटरी मेली की सगळं पुसलं. १९९७ साली स्पर्धेत उतरलेले कितीतरी संघ असेच कुठल्या कुठल्या खणात संपले असतील. निन्टेन्डोची डीएसची इंटरनेट सेवा २० मे २०१४ ला बंद झाली, त्या लढतींची मैदानंही गेली. नेटबॅटलचे सर्व्हर इतिहासजमा झाले. आज त्या काळाबद्दल जे माहीत आहे ते हौशी पोरांनी लिहून ठेवलेल्या नियमांमुळे, लेखांमुळे आणि मतदानाच्या नोंदींमुळे. कंपनीनं गेम जपला, खेळ खेळणाऱ्यांनीच जपला.

आता दिल्लीकडे येतो.

आपल्याकडे वर्षानुवर्षं कायद्याचा प्रश्न एकच होता, खेळ कौशल्याचा की नशिबाचा? १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. १९९६ मध्ये, म्हणजे ताजिरीचा गेम आला त्याच वर्षी, घोड्यांच्या शर्यतीलाही. पुढे याच मुद्द्यावर पैशाच्या ॲपवाल्यांनी आपला धंदा उभा केला. २०२५ च्या कायद्यानं तो मुद्दाच बाजूला ठेवला. पैसे लावले की कौशल्य असो वा नशीब, बंद. आणि पैजा नसलेली, नियमबद्ध, मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत स्पर्धा असेल तर ती ई-स्पोर्ट्स. तिला प्रवेश फी चालते, बक्षीसही चालतं.

माझ्या मते हे मूळ वळण बरोबर आहे. वर सांगितलेला सगळा इतिहास हेच दाखवतो की नशीब आणि कौशल्य यांची रेघ खेळाच्या आत नसते. टॉरसचा वर्मी घाव नशीबच. पण शंभर लढती खेळलात की सरस खेळाडू वर येतोच. नशीब जुगार कधी बनतं? जेव्हा कोणीतरी तुमच्या हरण्यावर पैसे कमवायला बसलेलं असतं. शोडाउनवर हरलात तर चार गुण जातात. घर जात नाही.

माझी काळजी दुसऱ्या अर्ध्याची आहे. 'मान्यता' आणि 'नोंदणी' हे शब्द आले की आपल्याकडे पुढचं चित्र ओळखीचं असतं. एक संघटना, मग तिची दुसरी फुटीर संघटना, अध्यक्षपदावर खेळाशी संबंध नसलेला एखादा साहेब, आणि निवड चाचणी कधी झाली हे खेळाडूला नंतर कळतं. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, कारण खेळणारी आणि खेळवणारी माणसं एकत्र बसली. हे आपण विसरायला नको.

म्हणून ई-स्पोर्ट्सच्या नावानं जे काही उभं राहील त्याला तीन साध्या गोष्टी विचाराव्यात. एक, नियम आणि त्यातला प्रत्येक बदल लिहून सगळ्यांसमोर ठेवलाय का, की ब्लिझर्डसारखा यंत्राच्या पोटात लपवलाय? दोन, बंदी आणि निवड ठरवताना खेळणाऱ्याला मत आहे का? तीन, तालुक्याच्या गावातलं पोरगं साध्या फोनवर, साध्या नेटवर यात उतरू शकतं का, की फक्त महागडं यंत्र असलेल्यांचाच हा खेळ?

तुमच्या शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, गणेश मंडळाच्या स्पर्धांत कोणी व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवणार असेल, तर पोरांनाच नियम करू द्या. कागदावर लिहून घ्या आणि भिंतीवर लावा. भांडणं होतील, होऊ देत. आणि जुनी डबी, केबल, टाझो, कोणत्या संघानं कधी जिंकलो ते लिहिलेली वही, असं काही कोणाच्या माळ्यावर असेल तर फेकू नका. फोटो काढून खाली टाका. बॅटऱ्या संपत चालल्या आहेत, निदान आठवणी तरी लिहून ठेवू.